संगणकाचे जुने व नवे प्रोसेसर

समजा, नागपुरांतील एका कुटुंबांत २०१२ सालीं घेतलेला संगणक आहे. त्याच्या प्रोसेसरचा वेग ३·२ गिगाहर्ट्झ. तो बदलावा म्हणून मंडळी सीताबर्डीवर गेलीं, तर दुकानदारानें २०२२ सालचा जो प्रोसेसर पुढें केला, त्याचा मूळ वेग २·५ गिगाहर्ट्झच! दहा वर्षांत ही प्रगति झाली कीं पीछेहाट, असा प्रश्न कोणासहि पडेल.

प्रोसेसरच्या आंत एक स्पंदक असतो व त्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी आंतील काम एकेक पाऊल पुढें सरकतें. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास शंभर कोटि ठोके. परंतु एका ठोक्यांत किती काम उरकतें, हें या आंकड्यांत कोठेंच येत नाहीं. एखाद्या कारकुनाचा टांक भरभर चालतो, एवढ्यावरून त्याच्याच फायली आधीं निकालांत निघतील असें कोणी म्हणत नाहीं.

आंकड्याचा हा मोह गिऱ्हाइकांप्रमाणें कारखानदारांसहि पडला होता. १९७१ सालच्या इंटेल ४००४ या प्रोसेसरांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचे ठोके सेकंदास ७ लक्ष ४० हजार. २००४ अखेर पेंटियम ४ हा ३·८ गिगाहर्ट्झवर येऊन पोहोंचला. त्यासाठीं कामाचे बारीक बारीक टप्पे पाडण्यांत आले. प्रथम २०, पुढें ३१. बांधकामावर मजुरांची रांग घमेलीं हातोहात पुढें देते, तसाच हा प्रकार. रांगेंत माणसें वाढविलीं कीं प्रत्येकाचा हात थोडाच हलतो व घमेलीं झपाट्यानें सरकतात. पण विटांऐवजीं वाळू हवी होती असें शेवटच्या माणसास कळलें, तर सगळी रांग रिकामी करून पुन्हां आरंभ करणें आलें. पुढची आज्ञा कोणती याचा प्रोसेसर आधीं अंदाज बांधतो. तो चुकला कीं रांग जितकी लांब तितका खोळंबा मोठा.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि ती नागपूरकरांस समजावून सांगावयास नको. ठोके वाढवावयाचे तर बहुधा विजेचा दाबहि वाढवावा लागतो, व दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत उष्णता वाढते. ३·८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ साठीं ही उष्णता ११५ वॅट धरलेली होती. म्हणजे जुन्या शंभर वॅटच्या दिव्याहून अधिक, आणि ती नखाएवढ्या तुकड्यांतून! त्याच्या पुढची ‘तेजस’ नांवाची योजना इंटेलनें मे २००४ मध्यें सोडून दिली. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांवर जातो. प्रोसेसरवरचा पंखा खोलींतलीच हवा फिरवितो. तिच्याहून थंड हवा तो आणणार कोठून? तुकडा मर्यादेबाहेर तापूं लागला म्हणजे प्रोसेसर आपले ठोके आपणच कमी करतो. डिसेंबरांत बरा चालणारा संगणक मे महिन्यांत रेंगाळतो, त्याचें एक कारण हें. पंख्यावर बसलेली धूळ हें दुसरें. तें मात्र विनाखर्च दूर होण्यासारखें आहे.

अशा वेळीं उपाय एकच उरला : एका हाताला पळविण्याऐवजीं हात वाढविणें. ही कल्पना महाराष्ट्रास नवी नव्हती. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले व १९६५ सालीं नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयांतून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला. ट्रान्सप्युटर नांवाचे ६४ साधे प्रोसेसर एकमेकांस जोडून त्यांजकडून एकच गणित वांटून करवून घ्यावयाचें, ही त्याची रीत. २००५ सालीं एकाच तुकड्यावर दोन गाभे असलेले प्रोसेसर घरगुती संगणकांतहि आले. जुलै २००६ मध्यें निघालेल्या कोअर २ ड्युओचा २·४ गिगाहर्ट्झचा नमुना अवघ्या ६५ वॅटांत ३·८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागें टाकूं लागला.

दुकानांतल्या त्या कोड्याचा उलगडाहि असाच आहे. २०१२ च्या प्रोसेसरांत चार गाभे, २०२२ च्या प्रोसेसरांत सहा. नव्याचा प्रत्येक गाभा एका ठोक्यांत अधिक काम करतो, आणि गरज पडेल तेव्हां ४·४ गिगाहर्ट्झपर्यंत चढतोहि. तथापि सहा गाभे म्हणजे सहापट वेग नव्हे. चार जणी पोळ्या लाटावयास बसल्या, पण तवा एकच असला, तर पंगत कांहीं चौपट लवकर वाढली जात नाहीं. चित्रफितीचें संपादन सहा हातांत वांटतां येतें; पत्र लिहिणें येत नाहीं.

म्हणून तुलना करावयाची ती आपल्याच घरच्या कामाची, दोन्ही यंत्रांवर घड्याळ लावून. पुष्कळदां असें दिसून येतें कीं, जुना संगणक अडतो तो प्रोसेसरपाशीं नव्हे, तर फिरत्या हार्ड डिस्कपाशीं. तिच्या जागीं एसएसडी बसविली म्हणजे पत्रव्यवहार, हिशेब आणि रेल्वेचीं तिकिटें यांस २०१२ चा प्रोसेसर अद्यापि पुरतो.

मग तो टाकून देण्याची घाई कां? विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ च्या मान्य यादींत इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद वगळतां, २०१७ सालच्या आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. शक्ति असूनहि जुनीं यंत्रें बाद ठरतात तीं या यादीमुळें. पिढी ओळखणें कठीण नाहीं. आय-५ च्या पुढें ३४७० असें असेल तर पिढी तिसरी; १२४०० असेल तर बारावी. आठाच्या आंतला आंकडा निघाल्यास त्या संगणकावर लिनक्स घालतां येतें व त्यास पैसा पडत नाहीं. फक्त आपला छापयंत्राचा व हिशेबाचा कारभार त्यावर चालतो कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें.