मोटारीच्या तेलाचें आयुष्य

सुशिक्षित कुटुंबांत मोटार ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं; पण तिच्या एंजिनांतील तेलाविषयींची बेफिकिरी मात्र कायम आहे. सिंथेटिक तेल किती टिकतें, असें विचारल्यास ‘दहा हजार किलोमीटर’ हें ठराविक उत्तर मिळतें व मंडळी निर्धास्त होतात. हें उत्तर अर्धेंच आहे.

साध्या खनिज तेलांत लहानमोठ्या रेणूंची सरमिसळ असते. सिंथेटिक तेलाचे रेणू कारखान्यांत रासायनिक क्रियेनें पुष्कळसे एकसारखे घडविलेले असतात. त्यामुळें तें उष्णतेनें लवकर बिघडत नाहीं व थंडींत फारसें घट्ट होत नाहीं. साधें तेल जेथें सुमारें ५,००० किलोमीटरांना बदलावें लागे, तेथें हें १०,००० व कांहीं गाड्यांत १५,००० पर्यंत चालतें, तें याच गुणामुळें.

परंतु मूळ तेल टिकलें, तरी त्यांत मिसळलेलीं काजळी धरून ठेवणारीं व आम्लाचा नाश करणारीं द्रव्यें हळूहळू खर्ची पडतात. शिवाय ज्वलनांतून निघणारी वाफ व न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें. एंजिन चांगलें तापून कांहीं काळ चाललें, तर त्यांचा बराच भाग उडून जातो.

येथेंच आपल्या कोल्हापुरांतील घरगुती गाडीचा प्रश्न येतो. सकाळीं राजारामपुरींतून महाद्वार रोड, सायंकाळीं रंकाळा. एका फेरीस दोन-चार किलोमीटर! एंजिन पुरतें तापण्यापूर्वींच गाडी बंद होते. उलट हमरस्त्यानें पुण्यास जाणारी गाडी एका दमांत सव्वादोनशें किलोमीटर धांवते, आणि तिचें तेल मात्र अधिक स्वच्छ राहतें. जी गाडी कमी फिरते तिचें तेल अधिक टिकेल, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

यास्तव आमची सूचना अशी : गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडून पहावी. तींत किलोमीटर व महिने असे दोन आंकडे असतात. त्यांतील जो आधीं भरेल तो पाळावा. वर्षाकांठीं तीन हजारच किलोमीटर झाले, तरी पुस्तिकेंत एक वर्ष लिहिलें असल्यास वर्ष संपतांच तेल बदलावें. आखूड फेऱ्या, धूळ किंवा आंबा घाटासारखे चढ नेहमींचे असल्यास पुष्कळ पुस्तिकांत याहून कमी मुदत सांगितलेली असते. डब्यावरील मोठ्या आंकड्यांस भुलूं नये. तेलाबरोबर गाळणीही बदलावी.

तेल काळें झालें म्हणजे निकामी झालें, असें नव्हे. काजळी पोटांत घेणें हें त्याचें कामच आहे. पातळी मात्र पंधरा दिवसांनीं पहावी. गाडी सपाट जागीं उभी करून, एंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं पट्टी पुसून पुन्हां बुडवावी. खूण दोन रेघांच्या मध्यें हवी.

आणि जुनें तेल गटारांत ओतूं नये. कायद्यानें तो घातक कचरा ठरला आहे, व शहराच्या गटारांची वाट अखेर पंचगंगेकडेच जाते. तें गॅरेजच्या ताब्यांत देऊन पुनःशुद्धीसाठीं जाईल असें पहावें.

घरांतील दिनदर्शिकेवर विम्याच्या हप्त्याशेजारीं तेल बदलल्याची तारीख टिपून ठेवली, तर एंजिन उघडण्याचा मोठा खर्च पुष्कळदां टळेल.