फक्त एक विनंती आणि इंटरनेट रेडिओ बंद! आइसकास्टमधली त्रुटी नेमकी काय होती?

फोनवर एखादं इंटरनेट रेडिओ स्टेशन लावलं की दोन सेकंदांत गाणं सुरू होतं. पण स्टेशनचा स्टुडिओ आणि तुमचा फोन यांच्यामध्ये एक सर्व्हर असतो. स्टुडिओतून येणारा आवाज तो एकदाच घेतो आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे पोहोचवतो. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं एक जुनं आणि नावाजलेलं नाव म्हणजे आइसकास्ट.

२०१८ मध्ये याच आइसकास्टमध्ये एक गंभीर त्रुटी सापडली. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात बसलेला माणूस, पासवर्ड माहीत नसतानाही, असा सर्व्हर बंद पाडू शकत होता. हे कसं शक्य होतं? चला, सोप्या भाषेत समजून घेऊया.

आइसकास्ट कोण बनवतं?

झिफ डॉट ऑर्ग ही ना-नफा संस्था आइसकास्ट बनवते. ऑग व्हॉर्बिस हा ऑडिओ फॉरमॅटही याच संस्थेचा. आइसकास्ट मोफत आहे आणि त्याचा कोड कुणालाही पाहता येतो. त्यामुळे कमी पैशांत रेडिओ सुरू करणाऱ्यांना ते सोयीचं पडतं.

चूक कुठे होती?

काही स्टेशन सगळ्यांसाठी खुली नसतात. श्रोता जोडला गेला की आइसकास्ट दुसऱ्या एका सर्व्हरला विचारतं, 'याला आत घेऊ का?' या सोयीला यूआरएल ऑथेंटिकेशन म्हणतात. हा प्रश्न विचारताना श्रोत्याच्या ॲपने पाठवलेली काही माहिती, म्हणजे हेडर, आइसकास्ट एका ठरावीक आकाराच्या जागेत लिहून घेतं. गडबड झाली ती इथेच.

एक उदाहरण घेऊ. कारकुनासमोर १० ओळींचं एक पान आहे. कुणीतरी त्याला ५० ओळींचा मजकूर दिला. कारकून शहाणा आहे. तो पान भरलं की थांबतो, पण वर सांगतो, 'मजकूर ५० ओळींचा होता.' साहेबांना वाटतं की ५० ओळी लिहून झाल्या. मग ते म्हणतात, 'पुढचा मजकूर ५१ व्या ओळीपासून लिही.' आता ५१ वी ओळ या पानावर नाहीच. ती येते भलत्याच पानावर, जिथे ऑफिसने पुढे काय करायचं याच्या सूचना लिहिलेल्या आहेत!

सी भाषेतलं 'एसएनप्रिंटएफ' हे फंक्शन या कारकुनासारखं वागतं. प्रत्यक्षात किती अक्षरं लिहिली हे ते सांगत नाही. जागा पुरेशी असती तर किती लिहिली गेली असती, तो आकडा ते देतं. आइसकास्टच्या कोडने मात्र तो आकडा 'इतकं लिहून झालं' असा धरला.

पुढची गंमत म्हणजे उरलेल्या जागेचा हिशोब. १० वजा ५० म्हणजे उणे ४०. पण या हिशोबात उणे संख्या चालतच नाही. त्यामुळे उत्तर येतं एक प्रचंड मोठी संख्या, म्हणजेच 'भरपूर जागा आहे, लिहा!' मग ठरलेल्या जागेच्या बाहेर लिहिलं जातं, त्याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात.

हॅकर काय करू शकत होता?

आधी एक खूप लांब हेडर पाठवायचा, म्हणजे लिहिण्याची जागा पुढे सरकते. मग दुसरा हेडर पाठवायचा, तो थेट सर्व्हरच्या मेमरीतल्या नको त्या जागी जाऊन बसतो. यातून सर्व्हर क्रॅश होतो आणि सगळ्या श्रोत्यांचा आवाज एकदम बंद. त्याहून मोठी भीती म्हणजे नेमका मजकूर पाठवून हॅकरला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवण्याची संधी मिळू शकत होती.

हे सगळं पासवर्ड तपासला जाण्याच्या आधीच घडतं. म्हणजे दारावर कोण आत येतंय हे पाहण्यासाठी बसवलेली व्यवस्थाच दार फोडायला उपयोगी पडत होती.

ती सापडली कशी?

सेमल या कंपनीच्या संशोधकांना. ही कंपनी पुढे २०१९ मध्ये गिटहबने विकत घेतली. कोडमधल्या ठरावीक चुका आपोआप शोधणारी साधनं ती बनवत होती. २०१८ मध्येच लिबरेल्प या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्येही अगदी याच प्रकारची चूक सापडली होती. म्हणजे हा एखाद्याच प्रोग्रामरचा गोंधळ नव्हता.

आइसकास्टमधल्या त्रुटीला सीव्हीई-२०१८-१८८२० हा क्रमांक मिळाला. २.४.० ते २.४.३ या आवृत्त्यांमध्ये ती होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या २.४.४ मध्ये ती दुरुस्त झाली.

मग आपण काय करायचं?

तुम्ही फक्त ऐकत असाल तर ही त्रुटी तुमच्या फोनमध्ये नाही, सर्व्हरमध्ये आहे. पण स्टेशनसाठी लॉगिन करत असाल तर तिथे ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड वापरू नका. सर्व्हर हॅकरच्या हाती गेला तर तिथून जाणारा पासवर्डही त्याला दिसू शकतो.

कॉलेज, संस्था किंवा मित्रमंडळींसाठी तुम्ही स्वतः आइसकास्ट चालवत असाल तर:

- आवृत्ती तपासा. २.४.४ पेक्षा जुनी असेल तर आजच अपडेट करा.
- लगेच अपडेट करणं शक्य नसेल तर तोपर्यंत यूआरएल ऑथेंटिकेशन बंद ठेवा. ती सोय बंद असेल तर हा हल्ला चालत नाही. मात्र स्टेशन फक्त सभासदांसाठी असेल, तर त्या काळात ते सगळ्यांना खुलं होत नाही ना, हे पाहा.
- सर्व्हर बसवून देणारा माणूस आता सोबत नसेल तर अपडेटची जबाबदारी कुणाची, हे ठरवा.

यातला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अनेक छोटे सर्व्हर एकदा सुरू केले की वर्षानुवर्षं तसेच चालत राहतात. आइसकास्ट आपली आवृत्ती प्रत्येक उत्तरासोबत जगाला सांगत असतं. त्यामुळे तुमचा सर्व्हर जुना आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही, तरी शोधणाऱ्याच्या नक्की लक्षात येतं.