अंगणातला अडुळसा आणि दोन आठवड्यांची मर्यादा

खोकला आणि पाचगणी यांचे नाते फार जुने आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवरील या गावाची कोरडी, स्वच्छ हवा छातीच्या रुग्णांना मानवते, अशी त्याची ख्याती होती. डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये येथे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभारले. तेच आजचे बेल-एअर रुग्णालय. क्षयावर प्रभावी औषध नव्हते, त्या काळी विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा हाच उपचार असे. अशा गावात परसातील औषधी वनस्पतींचा विचार करू लागलो, की पहिले नाव अडुळशाचे सुचते. आयुर्वेदाने ‘वासा’ या नावाने खोकला, दमा आणि कफविकारांत तिला मानाचे स्थान दिले आहे.

ओळख

अडुळसा हे माणसाच्या उंचीपर्यंत, क्वचित त्याहून अधिक वाढणारे सदाहरित झुडूप आहे. पाने समोरासमोर, लांबट व टोकदार असतात. पांढऱ्या फुलाच्या दोन ओठांसारख्या पाकळ्यांपैकी खालच्या ओठावर जांभळट रेषा दिसतात. पान इतके कडू, की शेळीही सहसा त्याला तोंड लावत नाही. म्हणूनच तो कुंपणाला लावण्याची पद्धत पडली. रोपवाटिकेत ‘काळा अडुळसा’ या नावाने मिळणारे झाड वेगळे असते. रोप घेताना एवढे पाहून घ्यावे.

लागवड

पावसाळ्याच्या आरंभी पक्व फांदीचे वीतभर लांबीचे, तीन-चार डोळे असलेले तुकडे काढून लावावेत. दोन डोळे मातीत जातील असे पाहावे. डोंगरमाथ्यावरील तांबड्या मातीत पाण्याचा निचरा चांगला होतो. तरीही सह्याद्रीच्या पावसात मुळाशी पाणी साचून कलम कुजते, म्हणून जागा थोडी उंचवट्याची असावी. दोन झाडांत तीन फुटांचे अंतर ठेवावे. जागा नसेल तर तळाला छिद्रे असलेली मोठी कुंडीही चालते. ऊन मिळावे आणि हिवाळ्यातील बोचऱ्या वाऱ्यापासून भिंतीचा आडोसा असावा. झाड रुजल्यावर त्याची फारशी देखभाल करावी लागत नाही. वर्षातून एकदा छाटणी केली की नवी पालवी फुटते. पाने औषधासाठी वापरायची असल्याने त्यांवर कीटकनाशक मुळीच फवारू नये.

वापर

अडुळशाच्या ताज्या पानांतून रस सहजी निघत नाही. सात-आठ पक्व पाने धुऊन दहा मिनिटे वाफवावीत, ठेचावीत आणि स्वच्छ फडक्यातून पिळावीत. प्रौढ व्यक्तीने दोन चहाचे चमचे रस निवल्यावर चमचाभर मधातून सकाळ-संध्याकाळ घ्यावा. मधासाठी पाचगणीकरांना दूर जावे लागत नाही. महाबळेश्वरजवळील मांघर 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले आहे. मधुमेहींनी मध टाळावा. रस रोज ताजा काढावा, साठवू नये. पाच-सात दिवसांहून अधिक काळ तो मनाने घेत राहू नये.

या झाडाची दखल आधुनिक औषधशास्त्रानेही घेतली आहे. अडुळशातील ‘व्हॅसिसिन’ या घटकाच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. अम्ब्रोक्सॉल हे त्याच कुळातले. खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर आज ही नावे वाचावयास मिळतात. म्हणूनच असे औषध चालू असताना अडुळसा घ्यायचा असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे.

कोणी घेऊ नये

गर्भवती स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये, कारण त्याने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. स्तनदा मातांनी तो वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, लहान मुलांनाही त्या सल्ल्यावाचून देऊ नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध तर चाटवूच नये.

मर्यादा ओळखा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगायची आहे. अडुळशाने कफ सुटतो, घसा मोकळा होतो. परंतु त्याने क्षय बरा होत नाही. रुग्णाला थोडा आराम पडतो, घरचे निर्धास्त होतात आणि तपासणी लांबणीवर पडते. खोकला दोन आठवडे टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला, रात्री घाम सुटू लागला किंवा वजन घटू लागले, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. खोकल्यातून रक्त पडले, तर एक दिवसही थांबू नये. रक्त थांबवणारी वनस्पती म्हणूनही अडुळशाची ख्याती असल्याने नेमक्या याच वेळी घरगुती उपायावर भिस्त ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

मद्रास येथील 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की योग्य औषधे नियमित घेतल्यास क्षयरुग्ण आरोग्यधामाइतकाच घरीही बरा होतो. आज शासकीय आरोग्य केंद्रांत क्षयाची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडू नये.

तेव्हा येत्या पावसाळ्यात परसात अडुळशाची एक फांदी अवश्य रोवावी. साध्या खोकल्याला तिचा आधार घ्यावा. मात्र घरात कोणी खोकू लागले, की त्या दिवसाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि चौदाव्या दिवशीही खोकला थांबला नसेल, तर थेट आरोग्य केंद्राची वाट धरावी.