घाट चढलेली आगगाडी

कोकणची किनारपट्टी आणि दख्खनचे पठार यांच्यामध्ये सह्याद्री एखाद्या तटासारखा उभा आहे. बंदरात उतरलेला माल देशावर न्यावयाचा, किंवा देशावरचा कापूस बंदरात पोचवावयाचा, तर हा तट ओलांडल्यावाचून गत्यंतर नसे. शतकानुशतके हे काम बैलांच्या पाठीवर चाले. लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन घाट चढत. वर जाताना मीठ आणि खाली येताना धान्य, असा त्यांचा व्यापार असे. पावसाळा लागला की वाटा निसरड्या होत आणि वाहतूक थंडावे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला व बैलगाड्या घाट चढू लागल्या. तरीही प्रवास दिवसांवारीच मोजावा लागे.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई आणि ठाणे या गावांमधून आगगाडी धावली. ही वाट २१ मैलांची आणि बहुतेक सपाट होती. खरी कसोटी पुढे, बोरघाटात होती. पायथ्यापासून माथा सुमारे १,८०० फूट उंच. गुळगुळीत रुळावर लोखंडी चाक फार मोठा चढ चढू शकत नाही. ते जागच्या जागी फिरू लागते. म्हणून अभियंत्यांनी डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत हा चढ पंधरा मैलांहून अधिक लांबीवर पसरविला. तरीही काही ठिकाणी दर ३७ फुटांमागे एक फूट चढ राहिलाच. आडव्या आलेल्या डोंगरांतून २५ बोगदे खोदले आणि दऱ्यांवर उंच पूल बांधले. जेथे वळण घेण्यास जागाच नव्हती, तेथे गाडी थांबवून, तिच्या दुसऱ्या टोकास इंजिन जोडून, ती उलट दिशेने वर नेण्याची योजना केली.

हे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज कंत्राटदाराने १८५९ मध्ये काम हाती घेतले. परंतु येथे आल्यावर अल्पावधीतच तो मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट न सोडता योग्य माणसे नेमून काम पुढे चालविले. तिचे नाव इतिहासात राहिले. मात्र ज्या हजारो मजुरांनी सुरुंग लावले, पाट्या वाहिल्या आणि कड्यावर दोरांनी लोंबकळून पहारी मारल्या, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पटकी, ताप आणि अपघात यांनी त्यांच्यापैकी अनेकजण दगावले.

घाट खुला होताच समाजाचे जीवन पालटू लागले. त्या काळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना भारतातील कापसाची निकड होती. मुंबईची भरभराट झाली. पत्रे आणि वर्तमानपत्रे लवकर पोचू लागली. घाटावरचे लोक पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांकडे वळले. एरवी एकमेकांची सावलीही टाळणारे लोक तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एकाच बाकावर बसू लागले. उपदेशाने जे घडत नव्हते, त्याची थोडीफार सुरुवात तिकिटाने केली.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही होती. लमाणांचा पिढीजात व्यवसाय बुडाला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. तेव्हा आगगाडीने धान्य आणले खरे. पण ज्याच्या गाठीस पैसा नव्हता, त्याला ते घेता आले नाही. त्याच वर्षांत देशातील धान्य परदेशीही जात होते. गाडी माल वाहते. तो कोणाच्या मुखात पडावा, हे माणसेच ठरवितात.

अरण्यांनाही किंमत मोजावी लागली. एक मैल लोहमार्गासाठी १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत आणि काही वर्षांनी ते कुजले की पुन्हा नवे घालावे लागत. सागवान व साल यांची जंगले झपाट्याने तुटू लागली. अखेर सरकारलाच धास्ती वाटली आणि १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले. झाडे राखण्यासाठी नवे नियम आले. पण त्याच नियमांनी रानालगतच्या लोकांचे सरपण आणि चराई यांवर बंधने घातली. तोड रुळांसाठी झाली आणि निर्बंध गावकऱ्यांवर आले.

१९२९ पासून या घाटात विजेवर चालणाऱ्या गाड्या धावू लागल्या आणि बोगद्यांत कोंडणारा धूर गेला. तथापि ती वीज जेथे कोळसा जाळून निर्माण होते, तेथे धूर निघतोच. तो केवळ प्रवाशाच्या डोळ्यांआड होतो. २००२ मध्ये मुंबई आणि पुणे यांना जोडणारा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आता त्याच सह्याद्रीतून मोटारींची अखंड रांग धावते. पन्नास माणसे पन्नास मोटारींतून गेली, तर जितके तेल जळते, त्याच्या अल्पांशात तीच माणसे एका गाडीतून जाऊ शकतात.

म्हणून वाटा बांधू नयेत, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. वाटेने माणूस माणसाला भेटतो, रोग्याला वैद्य मिळतो, विद्यार्थ्याला शाळा मिळते. मात्र नव्या वाटेचा हिशेब मांडताना वाचलेले तास जसे जमेस धरावे, तसेच तोडलेली झाडे, बुडालेले धंदे आणि खपलेले कष्टकरी यांची नोंद खर्चाच्या बाजूस प्रामाणिकपणे करावी. तसे केले, म्हणजे वाट कोठून न्यावी आणि तिच्यासाठी ज्याचे नुकसान होईल त्याला काय द्यावे, हे ठरविणे सोपे जाते.