अणुगर्भाचा आकार कसा कळतो?

मडके विकत घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के. बद्द आला तर कोठेतरी तडा आहे. जड अणूंच्या गर्भाची परीक्षाही शास्त्रज्ञ जवळजवळ अशाच रीतीने करतात.

तुम्ही विचाराल, सूक्ष्मदर्शकातून का पाहत नाहीत? अणुगर्भ अणूच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. प्रकाशाच्या लाटा त्याच्या मानाने फारच मोठ्या, त्यांच्या उजेडात तो दिसायचा नाही. तेव्हा त्याला ठोकायचे आणि तो काय बोलतो ते ऐकायचे.

इंग्लंडमधील डेअर्सबरी प्रयोगशाळेत १९८६ साली पीटर ट्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. कॅल्शियमचे गर्भ प्रचंड वेगाने पॅलॅडियमच्या पातळ पत्र्यावर सोडले. काही टकरींत दोन गर्भ एकजीव झाले. आता बेरीज करा. प्रोटॉन २० आणि ४६ मिळून ६६, म्हणजे डिस्प्रोशियम हे मूलद्रव्य. एकूण कण ४८ आणि १०८ मिळून १५६. त्यांतले ४ न्यूट्रॉन उडून गेले, उरले १५२.

टक्कर मध्यावर न बसता जरा कडेला बसली, की नवा गर्भ भोवऱ्यासारखा गरगर फिरतो. मात्र भोवरा मंदावतो तो हळूहळू. गर्भ मंदावतो तो पायरीपायरीने. दर पायरीला एक गॅमा किरण बाहेर पडतो. असे १९ किरण ओळीने मिळाले. प्रत्येक किरणाची ऊर्जा आधीच्यापेक्षा सुमारे ४७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टने कमी होती.

ह्या सारखेपणातच सारी गोम आहे. फिरताना आकार बदलत असता, तर हे अंतर कमीजास्त झाले असते. ते सारखे राहिले, म्हणजे गर्भ आपला आकार धरून होता. शिवाय अंतर लहान, म्हणजे वस्तुमान मध्यापासून दूर पसरलेले. हिशेब केला तेव्हा लांबी रुंदीच्या सुमारे दुप्पट निघाली! ६६ प्रोटॉन आणि ८६ न्यूट्रॉन यांना असा लांबट आकार मानवेल, हे गणिताने आधीच सुचवले होते. गर्भाने स्वतः त्याची साक्ष दिली.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात ‘पेलेट्रॉन’ नावाचे यंत्र आहे. तेथेही गर्भांवर मारा करून असेच गॅमा किरण मोजतात.

गुरुजींनी वर्गात एक उकडलेले आणि एक कच्चे अंडे टेबलावर फिरवून दाखवावे. उकडलेले सरळ गरगरते, कच्चे डुलत मंदावते. कवच न फोडता आतले कसे ओळखले, हे मुलांना सांगू द्यावे. अणुगर्भाचे शास्त्र तेथूनच सुरू होते.