हायडीचं खरं नाव काय?

मुलांनो, अ‍ॅडलेडचं मैदान तुम्हांला ठाऊक असेलच. २००३ साली द्रविडने २३३ आणि नाबाद ७२ धावा काढून आपल्याला कसोटी जिंकून दिली, तेच! (२०२० साली तिथेच आपला डाव ३६ धावांत आटोपला, पण तो विषय नको.) आता सांगा पाहू, ऑस्ट्रेलियातलं हे शहर, आश्चर्यनगरीत शिरलेली अ‍ॅलिस आणि डोंगरात राहणारी हायडी, या तिघांत सारखं काय?

तिघांचं नाव एकच!

मूळ नाव आहे आडेलहाइड. जुनं जर्मन नाव. ९६२ साली रोममध्ये सम्राट ओटोबरोबर जिला मुकुट घातला गेला, त्या राणीचं नावही हेच. 'आडेल' म्हणजे थोर, खानदानी. आणि 'हाइड'? आपण शब्दापुढे 'पण' जोडतो ना, तसंच ते. जर्मनमध्ये 'किंट' म्हणजे मूल आणि 'किंटहाइट' म्हणजे बालपण. इंग्रजी 'चाइल्डहूड'मधलं 'हूड' त्याच घराण्यातलं. तेव्हा आडेलहाइड म्हणजे थोरपण!

फ्रेंच लोकांच्या तोंडी हे नाव झिजत झिजत गेलं आणि त्याचं झालं अ‍ॅलिस. १८३६ साली वसलेल्या अ‍ॅडलेडला इंग्लंडच्या राणीचं नाव दिलं. ही राणी माहेरची जर्मन. आणि घरच्या लाडात 'थोर' गळून नुसतं 'पण' उरलं, ती हायडी.

स्वित्झर्लंडच्या योहाना स्पायरी यांनी १८८० च्या सुमारास हायडीची गोष्ट लिहिली. आठ वर्षांच्या हायडीला फ्रँकफुर्टच्या एका श्रीमंत घरी आणतात. तिथल्या कारभारीणबाईंना 'हायडी' हे नावच वाटत नाही. त्या तिला सारखं आडेलहाइड म्हणतात. आजोबा दूर, डोंगर दूर, आणि आता नावही गेलं! पोर झुरणीला लागते, झोपेत चालू लागते. घरातली आजारी क्लारा मात्र तिला हायडीच म्हणते.

हे वाचताना मी चपापले. एका वर्षी पहिलीच्या वर्गात मीही कारभारीणबाई झाले होते. हजेरीपटातल्या एका नावाला कुणीच 'हजर' म्हणेना, म्हणून मी चार दिवस खाडा मांडत गेले. ती समोरच बसलेली होती हो! घरी सगळे 'छकुली' म्हणत. ते दुसरं नाव आपलंच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी मी दोन्ही नावं पुकारली. दोन्ही वेळा ती उभी राहून 'हजर' म्हणाली.