एका वर्षाच्या पिकावर वाण ठरत नाही

ओटला थंड, ओलसर हवा मानवते. दाणा भरताना ऊन तापलं की तो पोचट राहतो आणि खत-पाणी भरपूर झालं तर उंच वाण वाऱ्याने लोळतात. म्हणून एका शेतात, एका हंगामात पहिला आलेला वाण दुसरीकडे मागे पडू शकतो.

मग निवड कशी करायची? १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिनले आणि विल्किन्सन यांनी बार्लीच्या २७७ वाणांवर एक युक्ती वापरली. मला ती फार सुंदर वाटते. माती, पाऊस, तापमान वेगवेगळं मोजत न बसता त्यांनी त्या ठिकाणी, त्या हंगामात आलेलं सर्व वाणांचं सरासरी उत्पादन हेच परिस्थितीचं माप मानलं. म्हणजे पिकालाच साक्षीला बोलावलं! या मापासमोर एकेका वाणाचं उत्पादन मांडून रेषा काढायची. तिचा चढ १ असेल, तर वाण सरासरीबरोबर चालतो. जास्त असेल, तर चांगल्या शिवारात मुसंडी मारतो, पण वाईट वर्षी तितकाच घसरतो. कमी असेल, तर फारसा हलत नाही. ओटच्या चाचण्यांतही ही पद्धत वापरतात.

मात्र सपाट रेषेला भुलू नये. दरवर्षी सारखंच कमी देणारा वाणही तिथे स्थिरच दिसतो! म्हणून सरासरी उत्पादन सोबत पाहावंच लागतं.

सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. नवे वाण आले, तरी भरवशाची, जुनी मालदांडी ज्वारी त्याच्या रानात अजून उभी आहे.